‘खेचूनच नाही राहिला ना, भाऊ!’

मे महिन्यात नागपुरात विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या दुकानांपुढे कूलरांची रांग लागलेली असते. कुणाचा पंप जळालेला, कुणाच्या पंख्याचं बुश गेलेलं, कुणाला नुसत्या ताट्या बदलून हव्यात. त्या गर्दीत मधूनच एखादा व्हॅक्यूम क्लीनर येतो. तक्रार ठरलेली असते. “खेचूनच नाही राहिला ना, भाऊ!” मिस्त्री डबा सोडवतो, मागची झडप उघडतो आणि आतून राखाडी वडीसारखं काहीतरी चिमटीत धरून बाहेर काढतो. “हे कधी धुतलं होतं?” गिऱ्हाईक त्या वडीकडे पाहत राहतं. “त्याच्यात असं पण असते का?”

ती वडी म्हणजे स्पंजचा फिल्टर. विकत घेतला त्या दिवशी तो निळा किंवा पिवळा असतो आणि त्यातून आरपार फुंकर मारता येते. व्हॅक्यूम ‘खेचत नाही’ म्हणून दुकानात येतो, तेव्हा मोटर बिघडलेली असण्यापेक्षा हवेची वाट अडलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. बिनपिशवीच्या यंत्रात तर विशेषच. ‘पिशवी बदलायची कटकट नाही’ असं सांगून ते विकलं जातं आणि त्यात खोटं काही नाही. पण पिशवी जे काम करायची, ते आता कोणाच्या गळ्यात पडलं, एवढं सांगायचं राहून जातं.

हे समजून घ्यायला गल्लीतली पिठाची गिरणी पुरेशी आहे. गिरणी सुरू झाली की तोंडाला बांधलेली कापडी बाही फुगते. हवा कापडातून निसटते, पीठ खाली डब्यात उतरतं. मधूनमधून गिरणीवाला त्या बाहीला दोन थापट्या मारतो, कारण कापडाच्या छिद्रांत पीठ बसलं की हवेला निसटायला जागा उरत नाही. पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर नेमका असाच चालतो. अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक सफाई कामगार होता, दम्याचा रोगी. झाडताना उडणाऱ्या धुळीनं तो हैराण व्हायचा. त्यानं पंख्याची मोटर झाडूच्या दांड्याला जोडली आणि धूळ धरायला मागे चक्क उशीचा अभ्रा बांधला. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं, पुढे ते हूव्हर कुटुंबाकडे गेलं. त्याच्या आधी, १९०१ मध्ये, इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथनं धूळ खेचणारं यंत्र काढलं होतं, पण ते घोडागाडीवरून न्यावं लागे आणि खिडकीतून घरात नळ्या सोडाव्या लागत. घरात मावलं ते अभ्र्याचं यंत्र.

आता कळमन्याच्या बाजूला एखाद्या डाळमिलच्या छपराकडे पाहा. वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला पत्र्याचा मोठा शंकू दिसेल. मिलवाले त्याला सायक्लोन म्हणतात. टरफलं, चुनी आणि धूळ यांनी भरलेली हवा त्या शंकूत बाजूनं, भिंतीला घासून जाईल अशी सोडतात. हवा गरगर फिरते, जड कण भिंतीवर फेकले जातात, घसरत खाली पोत्यात पडतात आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. कापड नाही, जाळी नाही. लाकडाच्या कारखान्यांत भुसा गोळा करायलाही हेच साधन असतं. जेम्स डायसन या इंग्रज संशोधकाला घरच्या यंत्राची कल्पना सुचली ती अशाच एका लाकूड कारखान्याचा शंकू पाहून. त्याचा स्वतःचा पिशवीचा व्हॅक्यूम थोड्याच वेळात दम तोडायचा. त्यानं पुठ्ठ्याचा शंकू करून बघितला, मग एकामागून एक ५,१२७ नमुने केले आणि १९९३ मध्ये स्वतःच्या नावाचं यंत्र बाजारात आणलं. आज दुकानात पारदर्शक डब्याचे जे व्हॅक्यूम मिळतात, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात डाळमिलच्या छपरावरचा शंकू असतो, कधी एक, कधी छोटे छोटे डझनभर.

छोटे कशासाठी? हवेचा वेग तोच ठेवून वर्तुळ अर्धं केलं, तर कणाला भिंतीकडे ढकलणारा जोर दुप्पट होतो. म्हणून बारीक धुळीसाठी बारीक शंकू. पण त्यालाही मर्यादा आहे. कण जसजसा लहान, तसतसा तो हवेच्या प्रवाहाबरोबरच वाहत जातो, भिंतीपर्यंत पोचतच नाही. नागपूरकराच्या दृष्टीनं गोष्टीतली खरी मेख इथे आहे. विदर्भाची काळी माती, जिला कापसाची माती म्हणतात, तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार मोठं असतं. आणि मातीच्या शास्त्रात चिकणमाती म्हणतात ती २ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे हिशेब कळतो. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, तिचा भुगा होतो, लूबरोबर तो दाराच्या फटीतून आत येतो. मेट्रोची आणि सिमेंट रस्त्यांची कामं चालली त्या वर्षांत त्यात सिमेंटची भर पडली. शंकू केरातले केस, भात, वाळू, दोरे झटक्यात धरतो. अगदी बारीक कण मात्र त्याच्या हातून निसटतात आणि पुढे जातात. त्यांना अडवायला फिल्टर असतो. पिशवी गेली, तरी गाळण्याचं काम यंत्रातच राहिलं आणि ते एका तळहाताएवढ्या स्पंजावर येऊन पडलं.

हवेतली धूळ मोजणाऱ्यांनाही हीच जोडी लागते. हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास करणारी नीरी ही संस्था नागपुरातच आहे. १९५८ साली ती वेगळ्या नावानं सुरू झाली, १९७४ पासून नीरी म्हणून ओळखली जाते. या क्षेत्रात जे धूळ मोजण्याचे सॅम्पलर वापरतात, त्यांतल्या एका प्रकारात हवा आधी सायक्लोनमधून जाते, १० मायक्रॉनपेक्षा जाड कण तिथे खाली बसतात आणि उरलेले पुढच्या फिल्टर कागदावर अडकतात. कागदाचं वजन आधी आणि नंतर करतात, फरक म्हणजे धूळ. घरातला व्हॅक्यूमही रोज हेच करत असतो, फक्त त्याच्या कागदाचं वजन कोणी करत नाही.

म्हणून सुरुवात डब्यापासून. डब्यावर एक रेघ असते, ‘मॅक्स’ लिहिलेली. ती अंदाजानं मारलेली नसते. केर त्या रेघेच्या वर गेला की फिरत्या हवेचा शेपटा त्याला लागतो, खाली बसलेली धूळ पुन्हा उचलली जाते आणि थेट फिल्टरवर जाऊन बसते. डबा पूर्ण भरल्यावर रिकामा करणारा माणूस एका खेपेची मेहनत वाचवतो आणि फिल्टरचं आयुष्य घालवतो. रेघ गाठायच्या आतच डबा रिकामा करावा. उन्हाळ्यात तर प्रत्येक वापरानंतर. तो रिकामा करायचा म्हणजे गॅलरीतून उलटा करायचा नव्हे, कारण वाऱ्यानं अर्धी धूळ परत घरात आणि उरलेली खालच्यांच्या वाळवणावर जाते. डब्याचं तोंड एखाद्या मोठ्या पिशवीत घालून, पिशवीची कडा हातानं आवळून, हळूच झडप उघडायची आणि धूळ बसेपर्यंत क्षणभर थांबायचं. उन्हात बाहेर पडताना नागपूरच्या मुली जो स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधतात, तो या कामालाही उत्तम.

डबा रिकामा झाला तरी त्याच्या भिंतीवर पिठासारखा थर चिकटलेला असतो आणि कोरड्या फडक्यानं पुसावा तर तो जास्तच चिकटतो. दोष फडक्याचा नाही, हवेचा. एप्रिल-मेच्या दुपारी नागपूरच्या हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते, कधी त्याहूनही खाली. एवढ्या कोरड्या हवेत प्लास्टिकवर घासली जाणारी धूळ स्थिर वीज साठवते. नळीला हात लावला की चटका बसतो तोही त्यातलाच. नागपूरच्या कोरड्या हवेशी असली झटापट नवी नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे जी एम्प्रेस मिल सुरू केली, तिच्यातही सुती धाग्यासाठी हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवावी लागली होती. कोरड्या हवेत धागा ठिसूळ होऊन तुटतो आणि तंतू उडून जिथेतिथे चिकटतात. घरी एवढा खटाटोप नको. फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, डबा पुसायचा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायचा. डब्याच्या आत मधोमध छिद्रांची एक जाळी असते, तिच्याभोवती केस आणि कापूस लोकरीसारखे गुंडाळलेले असतात. तिथे जुना टूथब्रश चालतो.

फिल्टरचं काम मात्र घाईचं नाही आणि इथेच बहुतेक लोक चुकतात.

पहिली चूक म्हणजे दिसला फिल्टर की धरला नळाखाली. काळ्या मातीचा स्वभाव विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी लागलं की ती फुगते, चिकट गारा होते, पायाला लागली तर चप्पल घेऊन जाते. धुळीनं भरलेल्या स्पंजावर एकदम पाणी सोडलं की तोच गारा त्याच्या पोटात होतो आणि मग तो निघता निघत नाही. आधी कोरडंच झटकावं. गच्चीवर किंवा अंगणात नेऊन, कठड्यावर हलक्या हातानं आपटून, धूळ पडायची थांबेपर्यंत. मगच पाणी, तेही थंड, मळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूनं. स्पंज मुठीत दाबायचा आणि सोडायचा, कपड्यासारखा पिळायचा नाही, नाहीतर फाटतो. साबण माहितीपुस्तिकेत लिहिला असेल तरच. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांनी शेवटचं पाणी तरी नळाचं घ्यावं. जड पाणी वाळताना मागे क्षार ठेवतं आणि तेही छिद्रांतच बसतात.

दुसरी चूक हेपा फिल्टर धुण्याची. स्पंजाच्या मागे किंवा हवा बाहेर पडते तिथे घडी घातलेल्या कागदासारखा जो फिल्टर असतो, तो हेपा. मूळ व्याख्येनुसार खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ही जात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी घडवली गेली. काही कंपन्यांचे हेपा धुता येतात, पुष्कळांचे येत नाहीत. कागदी धाटणीच्या फिल्टरला पाणी लागलं की तंतू एकमेकांना चिकटतात, वाळल्यावर तो दिसतो स्वच्छ पण हवा जाऊ देत नाही. ब्रश घासला तर उलट, तंतू फाटून भोकं पडतात आणि दिसायला शाबूत असलेला फिल्टर धूळ आरपार सोडतो. ज्याच्यावर धुण्याची खूण नसेल, तो फक्त टिचक्या मारून झटकावा आणि ठरल्या मुदतीनं बदलावा. बसवला ती तारीख बॉलपेननं त्याच्या प्लास्टिकच्या चौकटीवर लिहून ठेवली की वर्ष कधी झालं हा वाद घरात होत नाही.

तिसरी चूक फक्त पावसाळ्यात होते आणि तीच सर्वांत महाग पडते. कंपनीच्या पुस्तिकेत ‘२४ तास वाळवा’ असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात तोच स्पंज सावलीत दुपारभरात खडखडीत होतो. (उन्हात ठेवायची गरज नाही, कडक उन्हात स्पंज ठिसूळ होतो आणि दोन मोसमांत त्याचे तुकडे पडतात.) मोसमी पाऊस लागला की चित्र पालटतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, दोऱ्यांवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, मग बोटभर जाडीचा स्पंज एका दिवसात कसा वाळेल? वरून कोरडा लागतो, मध्ये ओलसर असतो. तो तसाच बसवला की येणारी धूळ त्यात चिखल होऊन बसते, चार दिवसांत यंत्रातून कुबट वास येतो आणि मोटरपर्यंत ओलावा गेला तर गंजही. पंख्याखाली दोन दिवस ठेवावा, दाबून गालाला लावून पाहावा. गालाला ओल बोटांपेक्षा लवकर कळते. कूलरच्या वाऱ्यात ठेवू नये, तो वारा स्वतःच ओला. सोपा उपाय म्हणजे दोन स्पंज ठेवणं. एक यंत्रात, एक वाळत. यंत्र घेतानाच जास्तीचा फिल्टर मागून घ्यावा, कारण चार वर्षांनी तेच मॉडेल बंद झालेलं असतं आणि मग सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत फिरूनही मापाचा तुकडा मिळत नाही.

एवढं करूनही खेच कमी वाटली, तर तळहातानं शोध घ्यावा. नळी काढून यंत्राच्या तोंडाशी हात धरायचा. तिथे जोर असेल तर यंत्र ठीक, अडथळा नळीत किंवा ब्रशात. मग नळी जोडून तिच्या टोकाशी हात. तिथे जोर गेला तर नळीत काहीतरी बसलंय, बहुधा वळणावर. नळी ताणून उजेडाकडे धरली की दिसतं. तार खुपसू नये, नळीला सुईएवढं भोक पडलं तरी हवा तिथूनच आत येते. मागे हवा फेकणारं ब्लोअरचं तोंड असेल तर नळी तिकडे लावून, अंगणात, गुठळी उडवून देता येते. ब्रश फिरणारा असेल तर त्याच्या दांड्यावर लांब केस आणि शिलाईचे दोरे आवळलेले असतात. कात्रीचं टोक दांड्याच्या लांबीनं चालवून ते कापायचे, दोन्ही टोकांच्या बेअरिंगजवळचे विसरायचे नाहीत. आणि शेवटी डब्याच्या झाकणाची रबरी कडा बघायची; तिच्यावर वाळूचा एक खडा असला तरी फट राहते.

कानही उपयोगी पडतात. वाट अडली की व्हॅक्यूमचा आवाज बारीक होत चढतो आणि घरच्यांना वाटतं, मोटरवर ताण आला. खरं तर ताण उतरलेला असतो. पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, म्हणून मोटर मोकाट फिरते, सायकलची चेन उतरल्यावर पॅडल भसाभस फिरतं तशी. धोका वेगळा आहे. साध्या कोरड्या व्हॅक्यूममध्ये धूळ आणणारी हवाच पुढे मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते. हवा अडली की मोटर तापते आणि खोलीच चाळीस अंशांवर असताना लवकर तापते. चांगल्या यंत्रात उष्णतेनं तुटणारी कळ असते; यंत्र आपोआप बंद पडतं, तासाभरानं पुन्हा चालू होतं. लोक तासाभरानं चालू झालं म्हणून खूश होतात आणि फिल्टर तसाच राहतो.

काही गोष्टी या यंत्राच्या तोंडी लागूच नयेत. होमातली किंवा उदबत्तीची राख थंड वाटली तरी आत निखारा असू शकतो. फटाक्यांच्या कचऱ्यात न जळलेली दारू असते, तिला फिरत्या मोटरकडे न्यायचं कारण नाही. होळीचा रंग, कॅरमची पावडर, सांडलेलं पीठ हे सगळं इतकं बारीक असतं की शंकूला चुकवून थेट फिल्टर बुजवतं. सर्वांत वाईट म्हणजे छताच्या पीओपीची धूळ. ती ओलाव्यानं घट्ट होते, हा तिचा धर्मच. ती भरलेला फिल्टर धुतला की त्याची फरशी होते. घरात पीओपीचं काम झालं असेल तर आधी ओलं पोतेरं, मग यंत्र. रांगोळी मात्र चालते, ती दगडाची भुकटी असल्यानं जड असते आणि शंकूत छान खाली बसते. दिवाळीनंतर अंगणातली रांगोळी झाडूनं पसरते, व्हॅक्यूमनं रेघेनं रेघ उचलली जाते, हे बघण्यासारखं असतं.

दिवाळीचा उल्लेख आलाच. १९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि विक्रेते दारात येऊन गादीवर यंत्र फिरवून पांढऱ्या फडक्यावर धूळ काढून दाखवू लागले. तेव्हापासून कित्येक घरांत व्हॅक्यूमची जागा माळ्यावर आहे. वर्षातून एकदा, आश्विनात तो उतरतो, जळमटं खातो आणि भरल्या पोटानं पुन्हा वर जातो. आत राहिलेला केर वर्षभर ओल धरतो, त्यात झुरळं घर करतात. माळ्यावर जाणारं यंत्र रिकाम्या डब्यानं आणि कोरड्या फिल्टरनं जावं. तारेशिवाय चालणाऱ्या, बॅटरीच्या यंत्रांना तर माळा नकोच. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचा माळा भट्टी होतो आणि लिथियम बॅटरी त्यात लवकर म्हातारी होते.

विजेचंही एक. १४०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टवर सहा अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह घेतं. म्हणजे मोबाइल आणि टीव्हीच्या सहा अँपिअरच्या सॉकेटची ती मर्यादाच. सोळा अँपिअरचं सॉकेट घ्यावं, स्वस्तातली एक्स्टेन्शन टाळावी आणि गुंडाळीची तार असेल तर पूर्ण बाहेर ओढावी, कारण गुंडाळलेली तार स्वतःच्या उष्णतेत शिजते. जळका वास येत असेल, मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर मोटरचे कार्बन ब्रश संपत आलेत असं समजावं. ते झिजायचेच, मोटर फेकायची गरज नसते. हे काम मात्र घरी करण्याचं नाही.

इकडे दुकानातल्या मिस्त्रीनं त्या राखाडी वडीला बाहेर नेऊन पायरीवर दहा-बारा वेळा आपटलं. धुरळा उडाला, कूलर घेऊन उभ्या असलेल्या दोघांनी तोंडावर रुमाल धरला. स्पंज जागेवर बसवून त्यानं बटण दाबलं. मघाचा किंचाळणारा आवाज उतरला होता, भारी झाला होता. त्यानं नळीचं टोक गिऱ्हाइकाच्या तळहाताला लावलं, हात चिकटला. “घरी नेऊन धुवा अन् दोन दिवस वाळू द्या. ओलं नका लावू.” मग तो पुढच्या कूलरचा पंप उघडू लागला.